पायरीवरचं पिवळं

आमच्या घरामागे पोहायचा पूल आहे, हे सांगताना मला अजूनही ओशाळल्यासारखं होतं. भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात भाताच्या खाचरांवर गोदामं उठली, आमच्याही दोन तुकड्यांवर उठली, आणि आमच्या ह्यांनी बंगला बांधला. बंगला झाला तर झाला, मागच्या अंगणात पूल कशाला? मी तेव्हा किती भांडले! "आख्ख्या गावात कुनाकडं न्हाय," म्हणाले. एवढंच कारण. दुसरं डोंबलाचं कारण नव्हतं. ज्या माणसाने पोरवयात भरती बघून खाडीत उड्या मारल्या, ह्या काठावरून त्या काठाला पोहत गेला, त्याला आता निळ्या टाइलचं पाणी हवं होतं.

मी त्या पाण्यात पाऊलसुद्धा बुडवलं नव्हतं. सुट्टीत भाचेमंडळी यायची, दंगा करायची, जायची. बाकी वर्षभर त्याची उस्तवार हेच करायचे. जाळीने पाला काढ, लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घास, क्लोरीनच्या गोळ्या टाक, फिल्टर चालव. मी म्हणायचे, एवढी चाकरी म्हशीची केली असती तर घरात दूध तरी आलं असतं.

मग गणपती गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. हात थोडा परत आला, बोलणंही आलं, जरा जड आणि तुटक, पण आलं. पाय काही येईना. मोरीत जायचं तर माझ्या खांद्यावर हात टाकून. हा धिप्पाड माणूस, आणि मी ही एवढीशी. दाराशी पोचलो की ते तोंड फिरवायचे. एकदा म्हणाले, "सोताच्या पायानं मोरीत गेलो ना, बस. दुसरा काय नको मना." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

व्यायाम शिकवायला एक डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी मागचं दार उघडलं, पूल बघितला आणि कपाळावर हात मारला. "अहो, घरात पाणी असताना हे खाटेवर का?" पाण्यात अंगाचं वजन हलकं होतं, पाय उचलायला सोपा जातो, म्हणाल्या. भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घेतला. पहिले पंधरा दिवस त्या स्वतः पाण्यात उतरल्या. नंतर हे दांडा धरून चालायचे आणि मी काठाकाठाने टॉवेल घेऊन त्यांच्याबरोबर. सहा पावलं, दहा पावलं, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुलावरचा माझा सगळा राग तिथे संपला.

आता उस्तवार माझ्याकडे आली. हे खुर्चीत बसून हुकूम सोडायचे, मी ब्रश मारायचे. "अगो, तसा न्हाय, वरनं खाली!" मी म्हणायचे, "उतरा आणि दाखवा." दोघंही हसायचो. त्या हिवाळ्यात आम्ही जितके हसलो तितके लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही हसलो नसू.

वैशाखात मुलीचं लग्न झालं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडव, धवल्यांची गाणी, बँजो, गाव लोटलेला. हे काठी टेकत स्वतः मांडवापर्यंत गेले, लेकीला पहिली हळद लावली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. पुढे चुलत भावंडांना चेव चढला. त्यांनी माखलेल्या नवरीला उचललं आणि धपकन पुलात टाकलं. मी ओरडतेय, "अरे मेल्यांनो, पाणी खराब होईल!" कोण ऐकतंय? मागोमाग दहा-बारा जणांनी उड्या मारल्या. सगळं पाणी पिवळं. मुलगी पायऱ्यांच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती, हसून हसून तिला धाप लागली होती. दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली.

फिल्टरने दोन दिवसांत पाणी परत निळं केलं. पण आठवड्याने बघते तर त्याच कोपऱ्यात, जिथे ती टेकून उभी होती, भिंतीवर पिवळट भुकटी. पायरीच्या कडेलाही थोडी. ती बाजू सावलीची. पलीकडे आमच्याच गोदामाची उंच भिंत आहे, दहानंतर तिथे ऊन पोचत नाही. मी ब्रश लावला तर भुकटी ढगासारखी उडाली, आणि दोन दिवसांत परत येऊन बसली. मला वाटलं, हळद आहे, टाइलच्या फटीत मुरली असणार, थोडी थोडी सुटतेय. दुसरं काय वाटणार? माझ्याच डोळ्यांसमोर तिथे लेक हळदीने माखून उभी होती.

आणि मग मी ती घासायची सोडली.

आता सांगताना मला माझाच संताप येतो. पण तेव्हा घर खायला उठत होतं. तिची खोली झाडायला गेले की केरसुणी हातात तशीच राहायची. म्हटलं, तेवढा कोपरा राहू दे. बाकी तिन्ही भिंती घासायचे, तिथे आले की ब्रश उचलायचे. रोज सकाळी ते पिवळं बघून बरं वाटायचं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी मला वेड्यात काढलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

महिन्याभरात तो पिवळा पट्टा रुंद झाला. दुसऱ्या पायरीवर उतरला. मला दिसत होतं. जरा हिरवटही वाटत होतं. पण म्हटलं, सावलीमुळे दिसत असेल.

ज्येष्ठातली सकाळ. हे नेहमीसारखे दांडा धरून उतरले. पहिल्या पायरीवर डावा, दुसरीवर उजवा. उजवा पाय ठेवला आणि तो सटकन पुढे गेला. दांडा सुटला. कंबर पायरीच्या कडेवर आपटली आणि हे पाण्याखाली. चार फूट पाणी हो! खाडी पोहून गेलेला माणूस चार फूट पाण्यात हात मारत होता आणि वर येत नव्हता. मी साडीसकट पाण्यात गेले, बगलेत हात घालून ओढलं. माझाही पाय त्या पायरीवरून घसरला. तेव्हाच मला कळलं. लोण्यासारखी पायरी झाली होती.

वर घेतलं, पाठीवर थोपटलं, पाणी ओकले. पांढरेफटक पडले होते. पहिलं वाक्य बोलले ते हे, "पाय गेला गो. परत गेला."

मी काय बोलायला पाहिजे होतं? अहो, पाय नाही गेला, पायरी गुळगुळीत झालीय, माझी चूक झाली. एवढंच. ओठांवर आलंही होतं. पण मी म्हणाले, "हो, लटपटला वाटतं तुमचा."

धाकट्या दिरांनी गाडी काढली, ह्यांना शहरात डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी म्हटलं, भावजी, तुम्ही पुढे व्हा, मी कपडे बदलून, घर बंद करून रिक्षाने येते. आणि घर बंद नाही केलं. भांडी घासायची तारेची घासणी घेतली, पायरीवर बसले, पाण्यात हात घालून ती पायरी घासली, भिंत घासली, बोटं सोलवटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर अवलक्षण करून हात लपवत होते. सगळं लख्ख स्वच्छ केलं आणि मगच दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, नवीन झटका नाही, मुका मार आहे, घाबरलेत. ह्यांना ते पटलं नाही. "डाक्टरला काय कलतंय? पाय माजा हाय," म्हणाले.

त्यानंतर पाण्याचं नाव काढू देईनात. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, दिरांनी समजावलं, लेकीने फोनवरून रडून सांगितलं. नको म्हणजे नको. मागच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहायचे, पाठ पुलाकडे. मोरीत जायला परत माझा खांदा. पंधरा दिवसांत पोटरी सैल पडली. बाई दाबून बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी नजर चुकवायचे.

आणि मी घासल्यापासून चौथ्याच दिवशी ते पिवळं परत आलं होतं.

त्याच जागी. मी घासलं, परत आलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. हळद अशी पुन्हापुन्हा येते का? मनात नाही नाही ते यायला लागलं. लेकीला फोन केला, "तू बरी आहेस ना?" ती म्हणाली, "आई, सकाळपासून तिसरा फोन आहे तुझा." मला बसवेना, झोपवेना. भाजी चिरता चिरता उठायचे, पाणी बघून यायचे. भांडी अर्धी टाकून जायचे. माझं एकच गणित होतं: पाणी काचेसारखं झालं, पायरी कोरडी ठणठणीत असल्यासारखी झाली, की हे उतरतील. मग मला काही बोलायलाच लागणार नाही.

भावजी म्हणाले, "वहिनी, ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती पावडर टाका." टाकली, चार मुठी जास्तच. पाणी ताकासारखं पांढरं झालं, पिवळं तसंच. शेजारची म्हणाली तुरटी फिरव. फिरवली, गाळ खाली बसला, पिवळं तसंच. मग भावजींनी कुठून तरी मोरचूद आणला. त्याने पाणी असं काही हिरवट-निळं झालं की टाइलच्या फटींवर डाग उतरले. आणि त्या डागांवर, आपल्या जागेवर, महाराज पुन्हा हजर! मी त्या भिंतीला अशा शिव्या घातल्या की भावजी घरात निघून गेले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला चाललं होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी वडपे गावाकडच्या फार्महाउसांचे पूल बघणारा एक माणूस बोलावला. पन्नाशीचा, आधी भिवंडीतल्या निजामपुऱ्यात यंत्रमागाच्या लूमवर होता. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलायचा. मी त्याला भीत भीत सांगितलं की लेकीच्या लग्नातली हळद आहे, निघत नाही. त्याने बोटाने ते पिवळं खरवडलं, अंगठ्यावर चोळलं, आणि असा हसला की मला जमीन दुभंगावी असं झालं.

"हल्दी? भाभीजी, हल्दी तो दो दिन में फिल्टर में गई! ये शेवाळ है. पिवळी शेवाळ. ये जिंदा है!"

मी त्याला म्हटलं, जरा हळू बोला. पडवीत हे बसले होते.

मग त्याने समजावलं, आपल्या परीने हळू. हे शेवाळ सावलीत धरतं, भुकटीसारखं दिसतं म्हणून लोक माती समजतात. साध्या क्लोरीनला दाद देत नाही, उलट क्लोरीन खाऊन टाकतं. मग त्याच्या आडून हिरवं येतं. ते खरं घसरडं. आणि घासून उपयोग नाही, कारण ते भिंतीवर एकटं नसतं. "आपका ब्रश दिखाओ." दाखवला. ब्रशच्या केसांच्या मुळाशी पिवळं. शिडीचे बोल्ट सोडले, मागे पिवळं. पाण्यातल्या दिव्याची चौकट काढली, मागे बोटभर पिवळं. भाच्यांच्या ट्यूबवर, त्या दिवसापासून दोरीवरच राहिलेल्या ह्यांच्या पोहायच्या चड्डीच्या शिवणीत. मी ज्या ब्रशने रोज घासत होते, तोच ब्रश ते चारी भिंतींवर लावत होता.

"और पानी कितने साल का है?" मी म्हटलं, भरलं तेव्हापासूनचं, उडालं की वरून भरतो. त्याने मान हलवली. वर्षानुवर्षं गोळ्या टाकून त्या पाण्यात गोळ्यांचंच काहीतरी साचलंय, आता कितीही औषध टाका, लागू होत नाही. अर्धं पाणी काढून नवीन भरा.

त्या दिवसापासून मी त्याच्या मागे लागले. तो एक म्हणाला तर मी दोन केलं. अर्धं पाणी सोडलं, टँकर मागवले. ब्रश, जाळी, ट्यूब, शिडी, चड्डी, सगळं पिंपात औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. पाण्याचा आंबटपणा मोजायची कागदाची पट्टी दर तासाला बुडवत होते. औषधाचा मारा संध्याकाळी, ऊन नसताना, पावसाची उघडीप बघून, आणि फिल्टर रात्रंदिवस चालू. इथे भिवंडीकडे लाइट सलग चोवीस तास राहील तर शपथ! पंप बंद पडला की माझा जीव खालीवर. लाइट आली की धावत जाऊन बटण. पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा, परत चालू करायचा. चार दिवसांनी पाणी निवळलं. तो म्हणाला, आता आठ दिवसांनी परत हेच सगळं. मी म्हटलं, काही दिसत नाहीये तर? म्हणाला, "दिखता नहीं, तब ही करना है." तेही केलं. ह्या सगळ्यात श्रावण अर्धा सरला.

पाणी असं झालं की तळातल्या जाळीचे स्क्रू मोजावेत. मी अनवाणी पायाने दुसऱ्या पायरीवर उभी राहिले, टाच फिरवली. टाइल पायाला खरखरीत लागली. मला इतका आनंद झाला! मी ओल्या पायानेच पडवीत गेले.

"अहो, बघा तरी. पायरी बघा, पाणी बघा. आता काही भीती नाही."

त्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, "पान्याचा काय घिऊन बसलीस? पानी चांगला हाय. पाय न्हाय."

"असं काय बोलता?"

"त्या दिसी कलला मना. सगला बरा चाल्ला व्हता, आनि पाय आपसूक गेला. एकदा असा गेला म्हंजे कवापन जाईल. मोरीत जाईल, दारात जाईल." मग म्हणाले, "डोक्यात परत कायतरी फुटलाय. डाक्टर सांगत न्हाईत. तुलाबी म्हायती हाय, तूबी सांगत न्हायस."

मी उभी होते तिथेच खाली बसले. दोन महिने मी पाण्याच्या मागे धावत होते, आणि हा माणूस दोन महिने खुर्चीत बसून मरणाची वाट बघत होता. माझ्या एका वाक्यावर. "लटपटला वाटतं तुमचा."

मग सांगितलं. सगळं, तोंड वर न करता. लेकीची हळद समजून कोपरा ठेवला, महिनाभर घासला नाही, पायरी गुळगुळीत झाली, मला दिसत होतं. तुम्हाला ओढताना माझाही पाय सटकला. तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हा मी मागे राहून घासून काढलं.

मग त्यांनी विचारलं, "तुजाबी पाय सटाकला?"

"हो."

"मंग माजा पाय गेला न्हवता?"

"नव्हता हो. कुणाचाही सटकला असता."

ते खुर्चीचे हात धरून उठायला लागले. मी धावले, खांदा पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने मला बाजूला सारलं. जोरात. काठी घेतली आणि उजवा पाय फरफटत पुलाकडे निघाले, अंगावर घरातली लुंगी-बनियन तशीच. मी मागे मागे, "अहो, सावकाश, अहो." दांड्यापाशी काठी टाकली. पहिल्या पायरीवर डावा. दुसऱ्या पायरीवर उजवा ठेवला, दाबून बघितला. परत दाबून बघितला. मग तिसरी, मग तळ. पाणी छातीला लागलं तेव्हा थांबले. त्यांचे खांदे हलत होते, मला वाटलं थंडीने.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "मना वाटला, मी चाल्लो. आनि तू भिंती घाशीत व्हतीस."

मग दांडा धरून चालायला लागले. मी टॉवेल घेतला आणि काठाने चालले, पण दोन पावलं मागून.